पांढरी अक्षरं

"बाई, हे दिसलं नाही पाहिजे. आणि पुसायचंही नाही."

घाटोळे साहेब सत्यवतीच्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी बोट थेट मॉनिटरवर टेकवलं होतं, यादीच्या शेवटच्या रकान्यावर. बोट उचललं तेव्हा तिथे तर्रीच्या तेलाचा गोल ठसा राहिला. सत्यवतीने तो लगेच पुसला नाही. साहेबांसमोर पुसणं बरं दिसलं नसतं.

"म्हणजे कसं करू साहेब?"

"ते तुम्ही सांगा. कॉम्प्युटर तुमचा आहे."

कॉम्प्युटर मंडळाचा होता. त्याच्या पाठीवर ऑइलपेंटने साठा-नोंदवहीतला नंबर घातलेला होता. पण काही अडलं की तो सत्यवतीचा होत असे. नागपूरच्या सदर भागातल्या त्या विभागीय कार्यालयात ती बावीस वर्षं कंत्राटी ऑपरेटर होती. मंडळाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार. त्याची तालुक्यांत आठ केंद्रं आहेत, उमरेडला एक, पारशिवनीला एक, अशी. तिथून कागद येतात, इथे त्यांच्या याद्या होतात आणि याद्या मुंबईला जातात. यादी सत्यवतीने केलेली आहे हे बघताक्षणी कळायचं. मथळा ठळक, मधोमध. नावं डावीकडे, आकडे उजवीकडे. लांब मजकूर रकान्याबाहेर लोंबकळणार नाही, आत दुमडून बसणार. कोणी शिकवलं नव्हतं. उमरेडला असताना मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती, बाकीचं माणसं जेवायला गेली की एकेक बटण दाबून बघत ती शिकली होती. मुंबईहून एकदा फोन आला होता, नागपूरची यादी कोण करतं म्हणून. साहेबांनी "आम्हीच करतो" असं सांगितलं होतं आणि ते ऐकून सत्यवती दिवसभर खूश होती. अशी होती ती.

आताची यादी वेगळी होती. मंडळातल्या अडतीस कंत्राटी माणसांची. दहा वर्षं सलग सेवा झालेल्यांना कायम करण्याचा विचार आहे, सेवेत खंड असल्यास तारखांसह नमूद करावा, असं पत्र आलं होतं. अधिवेशनासाठी अख्खं मंत्रालय नागपूरला यायच्या आत ही यादी मुंबईला पोचवायची होती. आठ दिवस थांबले असते तर इथेच हातोहात देता आली असती, पण हे साहेबांना सुचवायचं कोणी.

आणि खंड तर सगळ्यांनाच होता. मंडळात कंत्राट अकरा महिन्यांचं. अकरा महिने झाले की एक दिवस खंड, दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर. कोणाचीच नोकरी सलग ठरू नये म्हणून ही व्यवस्था. खंडाच्या दिवशी माणूस कामावर नव्हता असं कागद सांगे. प्रत्यक्षात सत्यवती त्या दिवशीही नेहमीच्या बसने येई, कॉम्प्युटर सुरू करी आणि मस्टरवर सही न करता संध्याकाळपर्यंत काम करी. एकदा अशाच दिवशी जिन्यात तिचा पाय मुरगळला, तर आधीचे साहेब म्हणाले होते, "आज तुम्ही पडू नका बाई. आज तुम्ही नाही आहात." सगळे हसले होते. तीही हसली होती.

यादीतल्या तिच्या ओळीत असे तेवीस दिवस होते.

"अक्षराचा रंग पांढरा करता येते साहेब," ती म्हणाली. "कागद पांढरा, अक्षर पांढरं. लिहिलेलं राहते, दिसत नाही."

साहेबांनी तिच्या खुर्चीच्या पाठीवर दोन बोटं वाजवली.

"मग ते खोटं तर नाही न झालं?"

"नाही. लिहिलेलं तर आहेच त्याच्यात."

"बस. दिमाग आहे बाई तुम्हाला."

हे सांगितलं पाहिजे, कारण पुढे ते कोणी विचारलं नाही. युक्ती सत्यवतीचीच होती. कोणीतरी अवघड काहीतरी विचारलं आणि आपल्याला ते येतं, एवढंच तिला त्या क्षणी दिसलं.

साहेबांनी खिशातून चिठ्ठी काढून अकरा नावं वाचली आणि चिठ्ठी परत खिशात ठेवली. अकरांपैकी काहींसाठी कुठून कुठून फोन आले होते हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. दोघं-तिघं मात्र खरोखर कामाची माणसं होती. यादी अगदीच खोटी असली की ओळखू येते.

"साहेब, शेऱ्यात काही लिहू?"

"शेरा कायले? लिहिलं का मागते कोणीतरी माहिती अधिकारात. बोललेलं अजून कोणी मागून नाही राहिलं."

ते केबिनमध्ये गेले. सत्यवतीने आधी मॉनिटरवरचा तेलाचा ठसा पदराने पुसला, मग कामाला लागली.

पहिल्या नावाच्या तारखा निवडल्या, रंगांच्या खिडकीतला पांढरा चौकोन दाबला. तारखा गेल्या. पण रकाना उंचच्या उंच राहिला. तारखा दुमडून पाच-सहा ओळींत बसवलेल्या होत्या ना. अक्षरं दिसेनाशी झाली, तरी त्यांची जागा तशीच. रिकाम्या रकान्याला एवढी उंची कशाला, असं एखाद्याने विचारलं असतं. तिने मजकूर दुमडणं बंद केलं, ओळ इतर ओळींएवढी बसकी केली. आता कोणाच्या बापाला कळलं नसतं. असं अकरा वेळा केलं. अकरा स्वच्छ रकाने. मधे मधे सत्तावीस माणसांच्या काळ्या तारखांचे गठ्ठे.

सत्ताविसाव्या ओळीवर ती स्वतः होती. कर्सर तिथे बराच वेळ लुकलुकत राहिला.

तिला कळत नव्हतं असं नाही. एक बटण होतं. पण ती ज्या घरात वाढली तिथे लग्नकार्यात वाढणाऱ्या बाया शेवटी बसत. आपल्या हाताने आपलं ताट कोणी वाढून घेत नसे. कोणीतरी येऊन हातातलं भांडं काढून घेई, "बस वं आता तू," म्हणे, मग बसायचं. सत्यवतीने केबिनच्या दाराकडे पाहिलं. साहेब संध्याकाळपर्यंत एकदा तरी म्हणतील, बाई, तुमचंही करून घ्या. बावीस वर्षं त्यांच्या आणि त्यांच्या आधीच्या तिघांच्या याद्या केल्या होत्या. एवढं म्हणतीलच.

चार वाजता बळीराम चहा घेऊन आला. तो शिपाई, तोही कंत्राटीच, तिच्याही आधीपासूनचा. साठीला तीन वर्षं उरलेली. त्याने कप ठेवला आणि पडद्याकडे बघत उभा राहिला.

"आपलं काही आहे का बाई याच्यात?"

"नाव आहे न भाऊ. चौतीस नंबरवर."

"नाव तं मतदार यादीतही आहे." तो हसला. "कायम होण्याचं पुसून राहिलो मी."

"साहेबाले विचारा न."

"साहेबाले मी पाणी विचारतो, चहा विचारतो. हे कसं विचारू?" त्याने गळ्यातली दोरी ओढून शर्टाच्या आतलं ओळखपत्र बाहेर काढलं. त्यावर त्याचा फोटो आणि फोटोवरून तिरपा लाल शिक्का, कंत्राटी. "जावई येते घरी, तं मी हे आत टाकतो. नातू वाचाले शिकला आता. परवा म्हणते, आबा, तुमच्या तोंडावर काय लिहून आहे?"

"तुमी काय सांगतलं?"

"सांगतलं का डिझाइन आहे."

कप घेऊन तो गेला. सत्यवतीने चौतिसाव्या ओळीकडे पाहिलं. बळीरामच्या तारखा सव्वीस होत्या. यादीतला सगळ्यात उंच रकाना त्याचा होता. तिने फार विचार केला असं मला वाटत नाही. केला असता तर केलं नसतं. सव्वीस तारखा निवडल्या, पांढऱ्या केल्या, ओळ बसकी केली. दुसऱ्याच्या ताटात वाढताना हात अडखळत नाही.

साडेपाचला साहेब बाहेर आले. प्रिंट पाहिली, "वा" म्हणाले, सही केली. पानं मोजली, रकाने मोजले नाहीत. फाइलही मुंबईला ईमेल करायला सांगून ते निघाले. गाडीत बसेपर्यंत सत्यवती फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेली, यादीचं पाकीट द्यायचं राहिल्याचं निमित्त करून. काच वर झाली.

घरी मेघाने ऐकलं आणि कणीक मळता मळता थांबली. मेघा तिची मुलगी, इंदोरा भागातल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला. बाप, ताराचंद, ट्रक चालवायचा. तो गेल्यावर नऊ वर्षं दोघीच होत्या, आणि दोघींत आई कोण याबद्दल घरात रोज वाद असे.

"बारा लोकांचं केलं, आणि स्वतःचं काहून नाही केलं?"

"सांगतलं नाही कोणी."

"बळीरामकाकाचं कोणी सांगतलं होतं?"

सत्यवती भाजी हलवत राहिली.

"आई, मी तुले विचारून राहिली."

"त्याचं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे? त्याचा एक दिवसाचा खंड आणि तुझा काय वर्षाचा आहे का?"

"स्वतःचं केलं असतं तं चोरी झाली असती वं."

"आणि बाकीच्यांचं केलं ते काय झालं? समाजसेवा?"

"ते काम झालं," सत्यवती म्हणाली. "कणीक वाळून राहिली तुझी."

अधिवेशन आलं आणि गेलं. जानेवारी अर्धा उलटला. मग एका सोमवारी साहेबांच्या केबिनमधला फोन बराच वेळ चालला आणि नंतर दार आतून लावलं गेलं.

झालं होतं ते असं. मुंबईच्या ऑफिसात अशा याद्या राज्यभरातून आल्या होत्या. वाचायला सोपं जावं म्हणून तिथल्या कोणीतरी सगळ्या यादीला एकाआड एक निळी ओळ दिली. चांगली सवय, सत्यवतीही लांब यादीला तसंच करत असे. निळ्यावर पांढरी अक्षरं लख्ख उठून दिसली. बारांपैकी सात माणसांच्या तारखा एकदम उजेडात आल्या, यादीतल्या काळ्या तारखांपेक्षाही जास्त नीट वाचता येतील अशा. मग त्यांनी उरलेल्या ओळीही रंगवून पाहिल्या.

चौकशीला फेब्रुवारीत एक बाई आल्या. मुंबईच्या, स्वच्छ बोलणाऱ्या, कोणावर आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी पहिल्यांदा घाटोळे साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, माझ्यासमोर छापील कागद आला, त्यात रकाना रिकामा होता, रिकामा म्हणजे खंड नाही असं समजून मी सही केली. कॉम्प्युटरमधलं मला फारसं समजत नाही. हे खरंच होतं.

बळीरामला विचारलं. तो दारापाशी उभा राहूनच बोलला. "बाईनं केलं असन. मले काही माहीत नाही मॅडम. मी तं चहा देतो."

मग जबाब लिहून घ्यायला टायपिस्ट लागला. चौकशीच्या बाईंनी विचारलं, मराठी टाइप कोण करतं. नूपुर म्हणून नवी लेखनिक लागली होती, पण ती मराठीला एकेक बोट शोधत बसे.

"मीच करतो," सत्यवती म्हणाली. सवयीने. ऑफिसात ती तसंच बोलत असे, पुरुषांसारखं. नागपुरात बऱ्याच जणी बोलतात.

चौकशीच्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "स्वतःचा जबाब?"

"दुसरं कोणी नाही न मॅडम."

"ठीक आहे. मी बोलेन तसंच्या तसं घ्या. तुमचं उत्तरही बोलाल तसंच."

सत्यवतीने दोन रकाने आखले. डावीकडे क्रमांक, उजवीकडे मजकूर. प्रश्न ठळक, उत्तर साधं, म्हणजे वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

"या फाइलमध्ये शेवटचा बदल तुमच्या नावाने आहे. बरोबर?"

तिने प्रश्न टाइप केला. मग म्हणाली, "हो." आणि हो टाइप केलं.

"अक्षरांचा रंग पांढरा कोणाच्या सांगण्यावरून केला?"

"साहेबांच्या."

"लेखी?"

"तोंडी."

"त्यांनी किती नावं सांगितली?"

"अकरा."

"यादीत बारा आहेत."

की-बोर्डचा आवाज थांबला. खोलीत घाटोळे साहेबही होते, खिडकीशी, फोनमध्ये काहीतरी वाचत. त्यांनी मान वर केली. बारा हा आकडा त्यांनाही नवा होता. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक सुटल्यासारखा भाव आला. तो सत्यवतीने पाहिला. आपण याच माणसाची वाट पाहत संध्याकाळपर्यंत बसलो होतो, असं तिच्या मनात आलं.

"बारावं नाव कोणी सांगितलं?"

दारापलीकडे कपबश्या वाजत होत्या. बळीराम तिथेच होता.

"कोणी नाही," सत्यवती म्हणाली. "मी आपल्या मनानं केलं."

"म्हणजे कोणी न सांगताही तुम्ही असा बदल करता."

हा प्रश्न आहे की नाही ते तिला कळेना. तिने तो ठळक केला आणि शेवटी प्रश्नचिन्ह दिलं. चौकशीच्या बाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "प्रश्नचिन्ह नको. ते माझं निरीक्षण आहे." तिने चिन्ह काढलं.

"एक शेवटचं. बारा जणांचं केलं. तुमचं नाव सत्ताविसावं आहे. तुमच्या तारखा तशाच काळ्या आहेत. त्या का नाही झाकल्या?"

सत्यवतीने प्रश्न शेवटपर्यंत टाइप केला. मग हात मांडीवर घेतले.

"मले कोणी सांगतलं नाही मॅडम."

चौकशीच्या बाई तिच्याकडे बघत राहिल्या. बहुधा त्यांना कळलं असावं. पण कळलेलं लिहिण्यासाठी त्यांच्याकडे रकाना नव्हता. "लिहा," त्या म्हणाल्या. "मला कोणी सांगितले नाही. शुद्ध लिहा."

तिने शुद्ध लिहिलं. सहीची जागा सोडली. तीन प्रती काढल्या.

संध्याकाळी साहेब तिच्या टेबलापाशी आले. रागावलेले नव्हते. समजावायच्या सुरात बोलले. "बाई, अकराच राहू द्यायचे होते न. मी काहीतरी केलं असतं. आता बारावं तुम्ही स्वतः कबूल केलं, मी काय बोलू?"

"तुमी आधीही काही बोलले नाही साहेब," सत्यवती म्हणाली.

बावीस वर्षांत साहेब लोकांना तिने दिलेलं हे पहिलं उलट उत्तर. साहेबांनी ते न ऐकल्यासारखं केलं, म्हणजे ते वायाच गेलं.

त्यानंतर बळीराम तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर चहा ठेवून न थांबता जाऊ लागला. चहात साखर जास्त असे.

एप्रिलमध्ये आदेश आला. सत्यवतीनेच तो ईमेलमधून उतरवून छापला, कारण ईमेल तिच्याच कॉम्प्युटरवर येत असे. तिने उभ्या उभ्याच वाचला. एक दिवसाचा खंड हा केवळ तांत्रिक स्वरूपाचा असल्याने तो सेवेतील खंड म्हणून धरण्यात येऊ नये. यादीतल्या सर्वांना कायम करण्यात येत आहे. सर्वांना. ज्यांच्या तारखा झाकल्या त्यांना, ज्यांच्या उघड्या होत्या त्यांनाही. झाकण्यासारखं त्या तारखांत काही नव्हतंच. खाली एक ओळ होती. अनुक्रमांक सत्तावीस वगळून; अभिलेखात फेरफार केल्याचे चौकशीत सिद्ध झाल्याने सदर कर्मचाऱ्यास पुढील नियुक्ती देण्यात येऊ नये.

तिचं कंत्राट तीस तारखेला संपत होतं. यावेळचा खंड एक दिवसाचा नव्हता.

मेघा घरी खूप बोलली. कोर्टात जाऊ म्हणाली, पेपरवाल्याला सांगू म्हणाली, घाटोळेच्या घरासमोर जाऊन बसते म्हणाली. मग सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "त्या बळीरामकाकाचं राहू दिलं असतं तरी त्याले भेटलंच असतं न आई."

"हो."

"मग?"

"तेव्हा कुठं माहीत होतं वं."

"आणि त्यानं काय केलं? मी तं चहा देतो म्हणे."

"त्याले दुसरं काय येते," सत्यवती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग होता की माया, ते मेघाला ठरवता आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही येत नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी ऊन असं होतं की कूलरमधूनही गरम वारा येत होता. ऑफिसात पेढे आले होते. ते बळीरामनेच वाटले, सत्यवतीच्या टेबलाशी येईपर्यंत डब्यात दोन उरले होते. त्याने डबा पुढे केला नाही, मागेही घेतला नाही.

"बाई, मी काय बोलाले पायजे होतं तेव्हा?"

"बोलले ते बरोबरच बोलले. तुमाले कॉम्प्युटर कुठं समजते भाऊ."

"मीच सांगतलं असतं का मी म्हटलं होतं म्हणून, तं—"

"तं दोघांचं गेलं असतं." तिने एक पेढा उचलला. "एक घरी नेतो मेघासाठी." दुसराही उचलला. रिकामा डबा हातात घेऊन बळीराम उभा राहिला, मग कोणीतरी हाक मारली म्हणून गेला. हाक कोणी मारली नव्हती.

तीन वाजता साहेबांनी नूपुरला पाठवलं. ती पोरगी बिचारी दाराशीच अडखळली.

"मॅडम, साहेबांनी अंतिम यादी मागितली, नोटीस बोर्डसाठी. मी करून राहिली होती, पण माझे रकाने सगळे वाकडेतिकडे होऊन राहिले."

"मी करतो."

"आणि ते म्हणाले..." ती थांबली. "सत्तावीस नंबर डिलीट नका करू म्हणाले. सिरियल नंबर बिघडते, मुंबईच्या कागदाशी जुळत नाही. नुसती रेघ मारा म्हणाले. मले ते येत नाही."

"बस इथं. पाहून घे."

नूपुर स्टूल ओढून बसली. सत्यवतीने यादी उघडली. खंडाचा रकाना आता यादीत नव्हता, तो लागतच नव्हता. मथळा ठळक केला, मधोमध आणला. अडतीस ओळींना सारखी उंची दिली. नावं डावीकडे, तारखा उजवीकडे. करताना ती सांगत होती, हे असं कर, इथं घाई करू नको, आधी निवडायचं मग रंग द्यायचा, नाहीतर भलतीकडेच लागते. नूपुर मान हलवत होती आणि वहीत लिहून घेत होती.

मग ती सत्ताविसाव्या ओळीवर आली.

"हे पाह्य," ती म्हणाली. "कंट्रोल दाबून पाच."

ओळीवर रेघ आली. देवनागरीत नावाच्या डोक्यावर एक रेघ असतेच. आता पोटातून दुसरी गेली. नूपुरचं लिहिणं थांबलं होतं. सत्यवती पडद्याच्या जरा जवळ झाली आणि डोळे बारीक करून बघू लागली. नावाचा रकाना अरुंद होता. सत्यवती ताराचंद राम, एवढंच दिसत होतं. आडनावाचं पुढचं शेजारच्या रकान्याखाली गेलं होतं.

"लांब नाव असलं का असं होते," ती नूपुरला म्हणाली. "मग ही कड धरायची आणि दोनदा दाबायचं."

तिने रकान्याची कड धरून दोनदा दाबलं. रकाना सरकून रुंद झाला. आता नाव आडनावासकट पूर्ण वाचता येत होतं. तिने एकदा वरपासून खालपर्यंत यादी पाहिली, सेव्ह केली आणि प्रिंटरमध्ये किती कागद आहेत ते बघायला उठली.